अज्ञानाचा करारनामा

ज्या यंत्राचे समग्र ज्ञान त्याच्या निर्मात्यांपैकी एकालाही नाही, आणि तरीही जे कोट्यवधी माणसांच्या हाती अहोरात्र बिनबोभाट चालते, अशा यंत्राचा विचार करताना ते कसे चालते या प्रश्नाहून ते कोणाच्या भरवशावर चालते हा प्रश्न मला अधिक मूलगामी वाटतो. १९७१ साली इंटेल कंपनीने विक्रीस काढलेल्या ४००४ या प्रोसेसरात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि एखाद्या चिकाटीच्या अभियंत्याने मनावर घेतले असते तर त्यांपैकी प्रत्येकाचे स्थान आणि प्रयोजन त्याला नकाशावर बोट ठेवून सांगता आले असते. २०२० साली ॲपल कंपनीने आपल्या एम-१ या चिपमध्ये १,६०० कोटी ट्रान्झिस्टर असल्याचे जाहीर केले; सेकंदाला एक या वेगाने ते नुसते मोजावयाचे म्हटले तरी पाचशे वर्षे लागतील. पन्नास वर्षांच्या आत हे यंत्र एका माणसाच्या बुद्धीच्या आटोक्याबाहेर गेले, आणि आश्चर्य असे की, त्याच अवधीत त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणे मात्र उत्तरोत्तर सोपे होत गेले.

या विरोधाभासाचा उलगडा पाठ्यपुस्तके एका वाक्यात करतात. संगणक थरांचा बनलेला असतो, आणि प्रत्येक थर आपल्याखालचा तपशील झाकून वरच्या थराला एक सुटसुटीत रूप दाखवितो, असे ते वाक्य. ते खोटे नाही, अपुरे आहे. झाकणे ही एकतर्फी क्रिया झाली, आणि दोन थरांमधील संबंध तसा एकतर्फी नसतो. तो करार असतो: वरचा पक्ष काही गोष्टी जाणून न घेण्याचे कबूल करतो आणि त्या मोबदल्यात खालचा पक्ष काही गोष्टींची हमी देतो. आणि करार म्हटला की त्यात काय लिहिले आहे याच्या बरोबरीने काय लिहिलेले नाही हेही पाहावे लागते. संगणकाच्या थरांनी ज्या बाबतींत मौन पत्करले त्या मौनामुळेच या विद्येचा उत्कर्ष झाला, आणि तिच्यावर ओढवलेली अत्यंत दुर्धर संकटेही त्याच मौनाच्या पोटी जन्मली, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम ही रचना आहे तरी कशी ते एका क्षुल्लक उदाहरणावरून पाहू. बँकेच्या संगणकात खातेदाराच्या शिलकेत व्याज मिळविण्यासाठी कोणी एक ओळ लिहिली: नवी शिल्लक म्हणजे जुनी शिल्लक अधिक व्याज. ही ओळ प्रोसेसरला कळत नाही. कंपाइलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम तिचे तीनचार आज्ञांत रूपांतर करतो: स्मृतीतील अमुक पत्त्यावरची संख्या प्रोसेसरच्या आतील एका रजिस्टरात आण, तमुक पत्त्यावरची दुसऱ्या रजिस्टरात आण, दोहोंची बेरीज कर, आलेले उत्तर पहिल्या पत्त्यावर परत ठेव. या आज्ञाही अखेर संख्याच असतात, आणि आज्ञा व आज्ञेचा विषय या दोहोंना एकाच स्मृतीत नांदविण्याची कल्पना जॉन फॉन नॉयमन यांच्या ३० जून १९४५ च्या एडव्हॅक यंत्रावरील टिपणातून सर्वत्र पसरली. ज्यांना आपण पत्ते म्हटले तेही खरे पत्ते नव्हेत. प्रत्येक प्रोग्रॅमला सारी स्मृती आपलीच आहे असे भासवून ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोसेसर मिळून पडद्याआड खऱ्या जागा ठरवीत असतात. बेरजेची आज्ञा प्रोसेसरच्या आत पोहोचली की ती संख्येच्या एकेका बिटासाठी एक अशा बेरीज-मंडलांच्या मालिकेवर जाऊन पडते. त्यांतले प्रत्येक मंडल तीन बिट घेते आणि बेरीज व हातचा असे दोन बिट देते. हे मंडल मूठभर तर्कद्वारांचे, तर्कद्वार दोनचार ट्रान्झिस्टरांचे, आणि ट्रान्झिस्टरात तर एक किंवा शून्य असे काहीच नसते. तेथे असतो तो कमीजास्त होणारा विद्युद्दाब, ज्याच्या एका मर्यादेवरील भागाला एक आणि दुसऱ्या मर्यादेखालील भागाला शून्य म्हणावयाचे असे आपण ठरवून घेतलेले आहे.

म्हणजे या इमल्याचा पायासुद्धा एका संकेतावर उभा आहे. जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये विचाराच्या नियमांना बीजगणिताचे रूप दिले तेव्हा त्यांच्यासमोर कोणतेही यंत्र नव्हते. आणि १९३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एकविशीतल्या क्लॉड शॅनन यांनी रिले व स्विच यांची मंडले त्याच बीजगणिताने मांडता येतात असे आपल्या प्रबंधात दाखविले, तेव्हा जे काम तोवर कुशल कारागिराच्या अंदाजावर चाले ते कागदावर पडताळून पाहण्याजोगे झाले. त्या दिवसापासून तर्कमंडलाची आखणी करणाराला विद्युद्दाब विसरण्याची मुभा मिळाली. विसरण्याची मुभा, एवढेच थराचे देणे. परंतु ते देणे किती मोठे आहे याची कल्पना ज्याला ती मुभा नव्हती त्यालाच यावी.

आपल्या जुन्या मुलकी कारभाराशी या व्यवस्थेचे साम्य चटकन डोळ्यांत भरते. कलेक्टरच्या दप्तरी जिल्ह्याचा एकूण वसूल येतो, मामलेदाराकडे तालुक्याचा हिशेब असतो, आणि कोणाचा बांध कोणाच्या वावरात किती सरकला आहे हे तलाठ्याला ठाऊक असते. कलेक्टराने प्रत्येक बांधाची चौकशी आरंभली तर जिल्ह्याचा कारभार आठवड्याच्या आत ठप्प होईल. पण साम्य येथेच संपते. वरून आलेला हुकूम विपरीत असला तर तलाठी तो बासनात बांधून ठेवतो, निदान खुलासा व्हावा म्हणून उलट टपाली विनंती करतो. या अनधिकृत शहाणपणावर राज्ये तरून गेलेली आहेत. यंत्राच्या थरांत असा तलाठी कोठेही बसलेला नाही. तेथे लिहिलेले अक्षरशः पाळले जाते, आणि जे लिहिलेले नाही त्या बाबतीत प्रत्येक थर आपापल्या सोयीने वागतो. म्हणूनच सरहद्द कोठे आखावी हा प्रश्न येथे कारभाराच्या सोयीचा राहत नाही. यंत्राचे भवितव्यच त्यावर ठरते.

सरहद्द आखलेलीच नसेल तर काय होते याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी स्वतः आखून, स्वतः जोडून एक संगणक उभा केला आणि १९६० मध्ये तो पूर्णपणे कामास लागला. पुढे टिफ्रॅक या नावाने ओळखल्या गेलेल्या या यंत्राची स्मृती ४० बिटांचा एक शब्द अशा २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम दहा हजार बाइटांची होती. त्या काळच्या भारतात हे काम किती धाडसाचे होते याविषयी मी येथे विस्तार करीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे मुद्दा एवढाच की, त्या यंत्राच्या आज्ञा म्हणजे त्या यंत्राच्या तारांचेच प्रतिबिंब होते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले; त्याचा शब्द ४८ बिटांचा, त्याच्या आज्ञा सर्वस्वी निराळ्या. टिफ्रॅकच्या आज्ञांत लिहिलेल्या प्रोग्रॅमला त्या यंत्रात जागाच नव्हती. यात मुंबईकरांचा काही दोष नव्हता. जगभर हीच रीत होती. यंत्र मोडीत निघाले की त्याच्यासाठी लिहिलेली विद्याही त्याच्याबरोबर मोडीत निघे, आणि आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीचीही लहान यंत्रे आणि मोठी यंत्रे एकमेकांची भाषा जाणत नसत.

त्याच १९६४ सालच्या ७ एप्रिलला आयबीएमने सिस्टीम/३६० या नावाखाली एकाच दिवशी सहा नमुन्यांची घोषणा केली, आणि माझ्या मते संगणकाच्या इतिहासात ट्रान्झिस्टरच्या शोधाखालोखाल महत्त्वाचा दिवस हाच होय. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाव आणि फ्रेडरिक ब्रूक्स या तिघांनी त्या वर्षी लिहिलेल्या निबंधात एक भेद इतक्या स्पष्टपणे मांडला की, त्यापूर्वी तो कोणाला सुचला कसा नाही असे वाटावे. प्रोग्रॅम लिहिणाराला यंत्राचे जे रूप दिसते, म्हणजे त्याच्या आज्ञा, त्याची रजिस्टरे, त्याच्या संख्यांची मापे, ते एक. आणि ते रूप प्रत्यक्षात आणण्यासाठी आत जी मांडणी करावी लागते ती दुसरी. पहिलीला त्यांनी आर्किटेक्चर म्हटले. दुसरी म्हणजेच संगणकाचे संघटन. पहिली गोष्ट लिखित आणि सर्व नमुन्यांना समान; दुसरी प्रत्येक नमुन्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी. त्या मालिकेतील मॉडेल ३० हे धाकटे यंत्र आतून अवघ्या ८ बिटांच्या वाटेचे होते, तेव्हा ३२ बिटांची एक बेरीज ते चार तुकड्यांनी, पायरीपायरीने करी. आणि त्या पायऱ्यांचा क्रम यंत्राच्या आतच एका सूक्ष्म प्रोग्रॅमच्या रूपाने साठविलेला असे, ही युक्ती केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये सुचविलेली होती. मॉडेल ७५ हे थोरले यंत्र तीच बेरीज थेट तारांनी एका दमात उरकी. बाहेरून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही यंत्रे एकच. त्या काळी लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम आयबीएमच्या आजच्या मोठ्या यंत्रांवरही चालू शकतात, याचे कारण लोखंड टिकले हे नसून लेख टिकला हे आहे.

हे साधले कशाने? करारातून एक गोष्ट हेतुपुरस्सर वगळल्याने: काळ. बेरीज किती वेळात होईल याविषयी त्या लेखात अवाक्षर नाही. ते लिहिले असते तर धाकट्या आणि थोरल्या यंत्रांना एका नावाखाली नांदता आलेच नसते, आणि पुढील साठ वर्षांत प्रोसेसरचा वेग जो हजारो पटींनी वाढला तो वाढविण्याचे स्वातंत्र्य कोणाही अभियंत्याला उरले नसते. उत्तर काय येईल एवढेच सांगावे, केव्हा येईल हे सांगू नये. या एका संयमातून आधुनिक संगणक निपजला. या संयमाची स्तुती करावी तितकी थोडीच, हे मी आताच नमूद करून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याविरुद्ध बोलणार आहे.

त्याच करारात एक लहानशी उणीवही होती, आणि ती पाहण्यासारखी आहे. पत्ता ठेवावयाची जागा ३२ बिटांची, पण प्रत्यक्ष पत्ता २४ बिटांचाच. वरचे आठ बिट यंत्र दुर्लक्षित करीत असे. रिकामी जागा दिसली की तीत आपले सामान ठेवणारी माणसे सर्वत्र असतात. प्रोग्रॅम लिहिणारांनी त्या आठ बिटांत आपापल्या खुणा साठविण्यास प्रारंभ केला, आणि १९८० च्या दशकात पत्त्यांची व्याप्ती वाढविण्याची वेळ आली तेव्हा त्या खुणा पत्त्याचाच भाग समजल्या जाऊन जुने प्रोग्रॅम भलत्याच जागी भरकटू लागतील अशी आपत्ती उभी राहिली. अखेर ३२ ऐवजी ३१ बिटांवर तडजोड झाली आणि एक बिट जुन्या-नव्यातला फरक ओळखण्यासाठी राखून ठेवावा लागला. दुर्लक्ष करू असे म्हणणे आणि वापरू नका असे बजावणे यांतल्या फरकाची ही किंमत होती.

थरांविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. पहिले मत अभिमानी कारागिरांचे: जो तळापर्यंतचे सारे जाणत नाही तो खरा जाणकारच नव्हे. हे मत नवे नाही. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये आपला पहिला कंपाइलर रचला आणि १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने फोर्ट्रान ही भाषा वापरात आणली, तेव्हाही यंत्राने जुळविलेल्या आज्ञा मनुष्याने हाताने जुळविलेल्या आज्ञांच्या पासंगाला लागणार नाहीत असे म्हणणारे पुष्कळ होते. अनुभवाने त्यांना खोटे पाडले, आणि ते खोटे पडले हे बरेच झाले. नाहीतर हवामानाचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ आजही रजिस्टरांचे क्रमांक मोजत बसला असता. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९६८ मध्ये वर्णिलेली ऑपरेटिंग सिस्टीम तर थरावर थर अशीच रचलेली होती, आणि त्यामागचा हेतू केवळ सोयीचा नव्हता. खालचा थर बिनचूक आहे हे एकदा सिद्ध झाले की वरच्याची तपासणी करताना खालच्याची आठवण ठेवावी लागू नये, असा तो तार्किक हेतू होता.

दुसरे मत आजच्या उद्योगधंद्यात बळावलेले आहे: खालच्या थरांची माहिती आता अनावश्यक, त्यांची काळजी घेणारे घेतील. या मताच्या समर्थकांना मी डेव्हिड पार्नास यांचा १९७२ मधील निबंध वाचण्याची विनंती करीन. प्रोग्रॅमचे तुकडे कामाच्या क्रमानुसार पाडू नयेत, जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे त्यांपैकी एकेक निर्णय एकेका तुकड्याच्या पोटात लपवावा, असे पार्नास यांनी तेथे सांगितले. म्हणजे काय लपवावे हा विवेकाचा प्रश्न आहे. जे दिसत नाही ते नाहीच असे मानणे हा विवेक नव्हे. आणि सरहद्द चुकीच्या जागी पडली तर एका संपूर्ण भाषेचे किती नुकसान होते, हे आपण मराठी माणसांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

संगणकावर मराठी छपाई सुरू झाली त्या काळी बहुतेक फाँट बनविणारांनी २५६ घरांच्या कोष्टकात अक्षरांच्या आकृती बसविल्या: अर्धा क एका घरात, काना दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. कोणत्या घरात कोणती आकृती हे प्रत्येक फाँटचे स्वतःचे गुपित. छापखान्याला पान सुबक दिसण्याशी कर्तव्य होते आणि ते सुबक दिसेही. परंतु संगणकात जे साठविले जात होते ते मराठी शब्द नव्हते, त्या शब्दांचे चित्र होते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून ती साठवणीतही आधीच जाई. परिणाम असा की, फाँट बदलला की सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पडे; शब्द शोधता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हा संकेत प्रमाण म्हणून जाहीर केला होता, पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारलेली साधने दिली होती, पण छापखान्यांच्या व्यवहारात आकृतीच राज्य करीत राहिली. त्या वर्षांत टंकित झालेली कित्येक मराठी नियतकालिके आज संगणकात असूनही संगणकाला वाचता येत नाहीत, या गोष्टीचे मला अजूनही वैषम्य वाटते.

युनिकोडने इस्कीचाच मार्ग पत्करून सरहद्द योग्य जागी नेली. साठवावयाचे ते वर्ण, उच्चाराच्या क्रमाने. आकृती कशी काढावयाची हा निर्णय सर्वस्वी फाँटचा. क्षि हे अक्षर साठवणीत क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी असे चार संकेत होऊन बसते, आणि वेलांटीला उचलून आधी नेण्याचे काम वरचा थर ऐनवेळी करतो. पण याही करारात एक मराठी कलम राहून गेले होते. दर्या आणि दऱ्या या दोन शब्दांत र आणि य यांचाच जोड आहे, तरी समुद्र आणि डोंगरांमधली खोरी यांत मराठी माणूस कधी गल्लत करीत नाही. हिंदीला मात्र या भेदाची गरज नाही. अखेरीस द्राविडी भाषांतील एका उच्चाराच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या नुक्त्याच्या ऱ कडे हे काम सोपवून मराठीची सोय लावण्यात आली. सोय झाली हे खरे. पण ती परसदाराने झाली, आणि एखाद्या कळपाटावर हा ऱ सापडेनासा झाला की आचाऱ्यांचे आचार्य होतात.

खालचा थर कधी कधी अगदी अनपेक्षित ठिकाणी डोके वर काढतो. मोबाइलवरच्या साध्या संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीचे ७० संकेतच मावतात, हे पुष्कळांनी अनुभवले असेल आणि काहींनी त्यात भाषिक अन्याय पाहिला असेल. कारण साधे आहे. संदेशाला मिळणारी जागा १४० बाइटांची, म्हणजे १,१२० बिटांची. सात बिटांचे एक अक्षर धरले तर १६० आणि सोळा बिटांचा एक संकेत धरला तर ७०. टेलिफोन-अभियंत्यांनी ती जागा ठरविली तेव्हा देवनागरी त्यांच्या मनातही नव्हती; तरी क्षि लिहिणाराला सत्तरातले चार संकेत आजही त्या आखणीपायी मोजावे लागतात.

आतापर्यंतची उदाहरणे गैरसोयीची होती. आता ज्या दोन प्रसंगांची तुलना केल्यावाचून या विषयाचे मर्म हाती येत नाही त्यांकडे वळतो. १९९४ मध्ये व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांना जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करताना उत्तरांत विसंगती आढळली, आणि शोध घेता घेता इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार काही संख्यांच्या बाबतीत चुकतो असे निष्पन्न झाले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता १.३३३८२ यावयास हवे तेथे १.३३३७३ येई. भागाकारासाठी आत जे कोष्टक कोरलेले होते त्यातील पाच नोंदी गळाल्या होत्या. कंपनीने आधी टाळाटाळ केली, मग लोकक्षोभापुढे नमून मागेल त्याला प्रोसेसर बदलून दिला आणि ४७.५ कोटी डॉलरांचा तोटा हिशेबात दाखविला. येथे सारे स्वच्छ आहे. करारात भागाकाराची हमी होती, हमी मोडली, भरपाई झाली.

३ जानेवारी २०१८ रोजी जे उघडकीस आले ते याहून सर्वस्वी भिन्न जातीचे होते. गूगलचे यान हॉर्न, पॉल कॉकर, ऑस्ट्रियातील ग्रात्सच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधक आणि इतरही काहीजण यांनी मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी जी छिद्रे दाखविली, त्यांच्या मुळाशी बेरीज चुकत नव्हती आणि भागाकारही चुकत नव्हता. प्रोसेसरचा वेग स्मृतीच्या वेगाहून फार पुढे गेल्यामुळे स्मृतीतून एखादी संख्या येईपर्यंत त्याला शेकडो ठोके तिष्ठत बसावे लागते. तो काळ फुकट जाऊ नये म्हणून पुढे काय होईल याचा अंदाज बांधून तो पुढल्या आज्ञा आधीच करून टाकतो, आणि अंदाज चुकल्याचे कळताच ते सारे काम पुसून टाकतो. रजिस्टरांत त्याची नामनिशाणी उरत नाही. कराराप्रमाणे ते काम घडलेच नाही. पण त्या पुसलेल्या आज्ञांनी स्मृतीतून जे मागविले ते प्रोसेसरलगतच्या कॅश नावाच्या छोट्या, वेगवान स्मृतीत येऊन पडलेले असते, आणि पुढल्या वेळी तेच मागितले तर ते लवकर मिळते. मेल्टडाउनची युक्ती एवढीच: ज्या गुप्त जागेत डोकावण्याची परवानगी नाही तिथली संख्या परवानगीची तपासणी पुरी होण्यापूर्वीच्या त्या निसटत्या क्षणात प्रोसेसरकडून वाचून घ्यावयाची, तिच्यानुसार आपल्याच एका तक्त्यातील एक घर कॅशमध्ये आणवावयाचे, आणि नंतर घड्याळ लावून कोणते घर लवकर मिळते ते पाहावयाचे. लवकर मिळालेले घर गुपित सांगून जाते.

या प्रसंगी हमी कोणी मोडली? परवानगीची तपासणी झाली, निषिद्ध संख्या कोणत्याही रजिस्टरात शिल्लक राहिली नाही, आर्किटेक्चरचे प्रत्येक लिखित कलम पाळले गेले. गुपित फुटले ते ज्याविषयी करारात अक्षर नव्हते त्या काळाच्या वाटेने. १९६४ मध्ये ज्या मौनाने प्रोसेसरला वेग वाढविण्याचे स्वातंत्र्य दिले त्याच मौनाने. हा धोका अज्ञात होता असेही नाही. याच कॉकर यांनी १९९६ मध्ये गुप्तलेखनाची क्रिया किती वेळ चालते हे मोजून तिची किल्ली शोधता येते असे दाखवून दिले होते. पण ती गोष्ट गुप्तलेखनवाल्यांच्या थरातच राहिली, आणि प्रोसेसरची आखणी करणारांनी तो आपला विषय नाही असे मानले; थरांमुळे ज्ञानाचेही कप्पे पडतात ते असे. पुढे ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी आपली स्मृती प्रोग्रॅमच्या नजरेआड हलवून डागडुजी केली, आणि तिच्यापायी पुष्कळ यंत्रे काही कामांत मंदावली. म्हणजे तळच्या थराचे ऋण वरच्या थराने फेडले. यात दोषी कोण याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने केला तरी मला तो समाधानकारक वाटणार नाही, कारण कराराच्या दोन्ही बाजूंनी तीच चूक केलेली होती: जे लिहिलेले नाही त्याला अस्तित्वच नाही असे दोघांनी गृहीत धरले होते.

आता प्रोग्रॅमही यंत्रेच लिहू लागली आहेत आणि माणसाने फक्त हवे काय ते मराठीत किंवा इंग्रजीत सांगावे असा नवा थर सर्वांच्या वर चढतो आहे. मी त्याचा विरोधक नाही. फोर्ट्रानला नाके मुरडणारांच्या पंगतीत बसण्याची मला हौस नाही. पण कंपाइलर आणि हा नवा थर यांत एक फरक आहे, आणि तो उत्साहाच्या भरात नजरेआड होतो. कंपाइलरची भाषा लिखित आहे, तिच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ निश्चित आहे, आणि भाषांतर चुकले तर ते चुकले असे दाखवून देता येते. नव्या थराला आज सांगितलेले वाक्य उद्या निराळा प्रोग्रॅम देऊ शकते, आणि दोहोंपैकी कोणता बरोबर हे ठरविणारा लेखच अस्तित्वात नाही. यापूर्वीच्या प्रत्येक थरात काही कलमे लिहावयाची राहिली होती; येथे करारनामाच कोरा आहे. अशा वेळी खाली उतरून पाहू शकणाऱ्या माणसांची गरज कमी होते असे म्हणणारांचा तर्क मला समजू शकत नाही.

म्हणून संगणक-संघटन शिकविणाऱ्या अध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपल्याकडे हा विषय बहुधा चौकटी आणि बाण यांची चित्रे पाठ करून उत्तीर्ण होण्याचा मानला जातो, आणि विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्या चौकटींचा आपल्या रोजच्या प्रोग्रॅमशी काही संबंध असेल अशी शंकाही त्याला शिवत नाही. वर्गात पहिल्या आठवड्यात एकही चौकट काढू नये. दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभ यांचा संख्यांचा तक्ता विद्यार्थ्याकडून सी भाषेत तयार करवून घ्यावा, आणि त्याची बेरीज एकदा ओळीओळीने व एकदा स्तंभास्तंभाने करावयास सांगून दोन्ही वेळा घड्याळ लावावे. उत्तर तेच येईल. वेळ मात्र दुसऱ्या खेपेस कित्येक पट लागेल, कारण ६४ बाइटांचा जो गट्ठा स्मृतीतून एका खेपेत येतो त्यातील सोळाच्या सोळा संख्या पहिल्या रीतीत उपयोगी पडतात आणि दुसरीत एकच. भाषेच्या कोणत्याही नियमात हा फरक लिहिलेला नाही. तो कोठून आला हे विद्यार्थ्याने विचारीपर्यंत अध्यापकाने उत्तर देऊ नये, आणि त्याने विचारले की मग सत्रभर दुसरे काही शिकवू नये.